मोफत चलचित्रे : कोणी टिपली, कोणी जपली



सुरत आणि मराठी माणूस यांचा विषय निघाला की आपण १६६४ आणि १६७० पाशी जातो, किंवा १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनापाशी. त्या घटनांसाठी बखरी आहेत, इंग्रजांच्या वखारीची पत्रे आहेत, वर्तमानपत्रे आहेत. आजचा विषय त्या मानाने अगदी अलीकडचा आणि वरवर पाहता किरकोळ आहे. हल्ली आपल्या घराघरांत चित्रफिती तयार होतात. आजोबांची पंच्याहत्तरी, शाळेचा प्रकल्प, मंडळाचा सुवर्णमहोत्सव, काहीही असो, एक पंधरा मिनिटांची फीत हवीच. ती बनवणारी नातवंडे पहिला प्रश्न विचारतात तो हाच : जुनी दृश्ये फुकट कुठे मिळतील?

प्रश्न व्यवहाराचा आहे, पण त्याचे उत्तर इतिहासात आहे. जे दृश्य आज आपल्याला मोफत मिळते, ते एकेकाळी कुणीतरी पदरचे पैसे घालून टिपलेले असते. दुसऱ्या कुणीतरी ते जपलेले असते. आणि शेवटी कायद्याने किंवा राजीखुशीने त्यावरचा हक्क सुटलेला असतो. टिपणे, जपणे आणि सोडणे या तीन गोष्टी घडल्या तरच ते दृश्य आपल्यापर्यंत येते. एक जरी चुकली तरी हाती काही लागत नाही. आपल्या मराठी मुलखात पहिली गोष्ट फार लवकर घडली, दुसरी फार उशिरा, आणि तिसरीचा आपण अजून नीट विचारच केलेला नाही.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलचित्रे दाखवली गेली. त्यानंतर तीनच वर्षांत, १८९९ मध्ये, मुंबईतले एक मराठी छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने टिपलेले हे पहिले चलचित्र समजले जाते. केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या डिसेंबरात मुंबईत परतले, तेव्हाचा स्वागतसमारंभही सावे दादांनी टिपला. आजच्या भाषेत त्याला पहिले भारतीय समाचारचित्र म्हणता येईल. सावे दादा १९५८ पर्यंत हयात होते. त्यांच्या फिती मात्र त्यांच्यामागे उरल्या नाहीत. त्या कुस्तीवरचा हक्क केव्हाच संपला आहे, आज ती कोणीही वापरू शकेल, फक्त ती अस्तित्वात नाही.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट थोडी बरी आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून तिचा लघुपट केला आणि तो दाखवून भांडवल उभे केले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. चित्रपट चार रिळांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातली पहिली आणि शेवटची रिळे आहेत, आणि तीही १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर जाणकारांत वाद आहे. आपण ते दृश्य सर्रास '१९१३' अशी पाटी लावून दाखवतो. 'कालिया मर्दन' (१९१९) मात्र बराचसा वाचला, कारण संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून मिळतील ते तुकडे मिळवून ते जुळवले. नायर केरळचे होते. मराठी चित्रपटाचा पाया त्यांनी पेट्या-ट्रंका उचकटून वाचवला, ही गोष्ट आपण आदराने लक्षात ठेवावी.

बाकीचे कुठे गेले? भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, आणि त्यांपैकी अगदी मोजके, तेही बहुतेक तुटक अवस्थेत शिल्लक आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची होती. ती सहज पेट घेते, आणि उष्ण, दमट हवेत कुजून तिची भुकटी होते. दुसरे कारण म्हणजे तिच्यावरच्या रसायनात चांदी असते. चित्रपट जुना झाला, बोलपट आले, मूकपटाला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा रिळे चांदीसाठी धुतली गेली. जरीच्या या शहरात चांदीचे मोल कोणी कोणाला सांगायला नको. पण त्या धुण्यात जे गेले ते कोणत्याही काट्यावर तोलता येणारे नव्हते.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते फेब्रुवारी १९६४ मध्ये, म्हणजे सावे दादांच्या कुस्तीनंतर तब्बल ६५ वर्षांनी. तेही पुण्यात, जिथे प्रभातच्या स्टुडिओची जागा फिल्म इन्स्टिट्यूटला मिळाली होती. त्याच आवारात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि शेकडो जुने चित्रपट जळाले. जपणुकीची व्यवस्था असूनही ही हानी झाली. जिथे व्यवस्थाच नव्हती तिथले काय सांगावे?

आता सोडण्याकडे, म्हणजे कायद्याकडे वळू. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्रपट प्रसिद्ध झाला त्याच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे त्यावर हक्क राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यांच्या लेखनाची मुदत १९९१ अखेर संपणार होती, त्या निमित्ताने संसदेने १९९२ मध्ये ती १० वर्षांनी वाढवली. सरकारी कृतींनाही प्रकाशनापासून ६० वर्षेच. याचा अर्थ असा की दर १ जानेवारीला एकेक वर्ष मोकळे होते. २०२१ च्या १ जानेवारीला १९६० ची समाचारचित्रे मुक्त झाली, म्हणजे ज्या वर्षी द्विभाषिक मुंबई राज्याची फाळणी होऊन आपण सुरतेचे मराठी लोक गुजरात राज्याचे नागरिक झालो, त्या वर्षाची. २०२५ च्या १ जानेवारीला १९६४ चे वर्ष मोकळे झाले. पंडित नेहरू गेले ते वर्ष.

पण एका चित्रपटात अनेक हक्क एकमेकांवर रचलेले असतात. आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण घेऊ. 'श्यामची आई' हा आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा. चित्रपट म्हणून ६० वर्षांचा हिशेब केव्हाच पुरा झाला. साने गुरुजी, ज्यांनी आपल्या सुरत-भुसावळ मार्गावरच्या अमळनेरला शिक्षकी केली, ते १९५० मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे या नियमाने त्यांचे पुस्तक २०१० अखेर मोकळे झाले. पण अत्रे गेले १९६९ मध्ये, त्यांच्या लेखनाची मुदत २०२९ अखेरपर्यंत आहे. संगीतकार वसंत देसाई गेले १९७५ मध्ये, म्हणजे त्यांच्या संगीताची २०३५ अखेरपर्यंत. म्हणून व्यवहाराचा धडा असा : जुन्या चित्रपटातले मुके दृश्य घेणे एक, आणि त्याच्यासकट गाणे उचलणे वेगळे. छायाचित्रांचा नियमही २०१२ च्या दुरुस्तीनंतर बदलला, तिथे आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे मोजायची.

जुन्यावरून नवे संकलन झाले की त्याचा हिशेब पुन्हा नव्याने सुरू होतो. विठ्ठलभाई झवेरी यांचा गांधीजींवरचा सुमारे साडेपाच तासांचा माहितीपट १९६८ चा. त्यातली कित्येक दृश्ये १९२० आणि १९३० च्या दशकांतली. पण त्या संकलनाची, निवेदनाची मुदत २०२८ अखेर संपेल. मूळ तुकडा वेगळा मिळाला तर गोष्ट वेगळी.

गांधीजींचा विषय निघालाच आहे, तर आपल्या अंगणात येऊ. दांडी त्या वेळी सुरत जिल्ह्यातच होती. एप्रिल १९३० च्या पहिल्या दिवसांत यात्रा सुरतेहून डिंडोलीला गेली. आज त्याच डिंडोलीत खानदेशातून आलेली हजारो मराठी घरे आहेत, आणि आपल्या दारावरून दांडीयात्रा गेली हे त्यांतल्या पोरांना ठाऊक नसते. मुंबईच्या शारदा, कृष्णा अशा फिल्म कंपन्यांनी त्या यात्रेचे चित्रण केले आणि सरकारने त्यावर बंदी घातली. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुऱ्याला तापीकाठी विठ्ठलनगर उभे राहिले, सुभाषबाबू अध्यक्ष होते, त्याचीही चलचित्रे आहेत. ही दृश्ये टिपणारे कंपन्यांचे कॅमेरेवाले होते, हौशी देशभक्त होते, परदेशी समाचारसंस्था होत्या. सरकारचे यात काही नव्हते. इतकेच काय, युद्धकाळात इंग्रज सरकारने उभारलेला चित्रपट विभाग १९४६ मध्ये बंद झाला होता, त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ चा सोहळा टिपायला सरकारी चित्रपथकच नव्हते. अंबालाल पटेल यांच्यासारख्या खासगी चित्रणकारांनी आणि परदेशी कॅमेऱ्यांनी ते काम केले. फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले १९४८ मध्ये. त्यानंतर चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी समाचारचित्र पाहिल्याशिवाय सुटका नसे. तेव्हा ती आपण शेंगदाणे खाण्यात घालवलेली दहा मिनिटे होती. आज तीच देशाची दैनंदिनी आहे. हा सारा साठा २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे, त्यातले बरेच इंटरनेटवर पाहायला मिळते. मात्र पाहणे आणि वापरणे वेगळे. हक्क संपला म्हणून स्वच्छ प्रत आपोआप हातात येत नाही. प्रत काढून देण्याचे शुल्क लागते, आणि जपणाऱ्याने ते मागितले तर त्यात गैर नाही.

ब्रिटिश पाथे या जुन्या समाचारसंस्थेने २०१४ मध्ये सुमारे ८५,००० चित्रफिती यूट्यूबवर पाहायला खुल्या केल्या. त्यांत हिंदुस्थान भरपूर आहे. पण त्या पाहायला खुल्या आहेत, कापून वापरायला परवाना लागतो. साहेबाच्या कॅमेऱ्याला आपल्यातले काय दिसले, हेही त्या पाहताना कळते : दरबार, हत्ती, शिकार, साधू, दुष्काळ. वाड्यातली पंगत, पेठेतली वर्दळ, गिरणीतला पाळीबदल यांत त्याला रस कमी.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेचे. तिथे संघीय सरकारच्या कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीवर देशात हक्कच नसतो. म्हणून नासाची चांद्रमोहिमेची दृश्ये जगातल्या कोणत्याही शाळेचा मुलगा वापरू शकतो. रिक प्रेलिंजर नावाच्या गृहस्थांनी १९८० च्या दशकापासून कारखान्यांच्या जाहिरातफिती, शाळांतले बोधपट, घरगुती चित्रणे असा इतरांनी टाकून दिलेला माल गोळा केला. त्यांचा मोठा संग्रह २००२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला, आणि त्यातल्या हजारो फिती इंटरनेट अर्काइव्ह या १९९६ मध्ये सुरू झालेल्या संस्थेमार्फत सर्वांना मोफत मिळतात. ज्याला कोणी भंगार म्हणाले, तेच आज जगात सर्वाधिक वापरले जाणाऱ्या मोफत दृश्यांत मोडते.

नव्या चित्रणासाठी पेक्सेल्स आणि पिक्साबे ही संकेतस्थळे मुलांच्या तोंडी असतात. दोन्ही मूळची जर्मनीतली, २०१९ मध्ये कॅन्व्हा कंपनीने घेतली. पिक्साबेने त्याच वर्षी आपल्या परवान्याच्या अटी बदलल्या. म्हणून ज्या दिवशी दृश्य घेतले त्या दिवशीच्या अटींची प्रत जपून ठेवावी. 'रॉयल्टी-फ्री' या शब्दालाही भुलू नये, त्याचा अर्थ फुकट असा नाही. एकदा पैसे दिले की पुन्हापुन्हा द्यावे लागत नाहीत, एवढाच. २००१ मध्ये स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने अधिक स्वच्छ. कर्त्याचे नाव द्या, धंद्यासाठी वापरू नका, बदल करू नका, बदल केलात तर तोही याच अटींवर सोडा, अशा निवडक अटी त्यांत सरळ लिहिलेल्या असतात. मंडळाच्या फितीतही शेवटी श्रेयनामावली द्यावी. ज्याने दिले त्याचे नाव घेण्यात आपले काय जाते?

आता जरा सुरतेचे नाव घालून शोधून पाहा. हिरे घासणारे हात मिळतील, साड्यांची दुकाने मिळतील, पूल मिळतील. ऐंशी वर्षे या गावात राहिलेल्या मराठी कुटुंबाचा गणपती, हळदीकुंकू, उधना-लिंबायतच्या गल्लीतली भालदेव-कानबाईची मिरवणूक, लूमच्या खडखडाटात वाचली जाणारी पोथी, यांतले फार थोडे सापडेल. आणि सप्टेंबर १९९४ शोधा, म्हणजे काय दिसेल? तोंडाला रुमाल बांधून स्टेशनवर उसळलेली गर्दी. प्लेगच्या त्या दिवसांत जगभरच्या वाहिन्या इथे आल्या, त्यांनी पळणारी सुरत टिपली, आणि ती दृश्ये आज त्यांच्या मालकीची आहेत. मी तेव्हा इथेच दवाखाना चालवत होतो. जे गेले नाहीत ते डॉक्टर, परिचारिका, घरोघर गोळ्या वाटणारी मंडळाची मुले, कचऱ्याचे ढीग उपसणारे सफाई कामगार, यांच्यावर कॅमेरा क्वचितच वळला. पुढच्या काळात याच शहराची स्वच्छतेसाठी देशभर वाखाणणी झाली. पण स्टेशनवरचे ते दृश्य अजून सुरतेची ओळख म्हणून फिरते. ज्याच्याकडे आपले चित्र नसते, त्याची ओळख दुसऱ्याच्या चित्राने ठरते.

आमच्याकडे चित्रे होती, असे पुष्कळजण म्हणतील, आणि ते खरे आहे. १९८० च्या दशकापासून लग्नामुंजींच्या व्हिडिओ कॅसेट घरोघर होत्या. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी सुटले आणि शहराचा मोठा भाग बुडाला. त्या गाळातून लोकांनी आधी भांडी काढली, गाद्या काढल्या. कॅसेटचा डबा शेवटी निघाला आणि बहुतेक ठिकाणी थेट कचऱ्यात गेला. जे वाचले तेही टिकाऊ नाही. चुंबकीय फितीला बुरशी लागते, थर सुटतो. ती चालवायची यंत्रेही दुर्मीळ झाली. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली. म्हणजे कॅसेट शाबूत असली तरी ती वाचता येण्याचे दिवस थोडे उरले आहेत.

जपणे आणि सोडणे यांचे नाते मला आमच्या जैन परंपरेतल्या एका घटनेत सर्वांत स्पष्ट दिसते. कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या मठात 'धवला' आणि 'जयधवला' या ग्रंथांच्या ताडपत्रावरच्या जुन्या कन्नड लिपीतल्या प्रती होत्या. शतकानुशतके भाविक जात, ताडपत्रांचे दर्शन घेत आणि परतत. वाचणारे उरले नव्हते आणि नक्कल बाहेर जाऊ द्यायची नाही असा कटाक्ष होता. ताडपत्रे झिजत चालली होती. १८८० च्या दशकात मूळचे सुरतेचे आणि मुंबईत जवाहिराचा व्यापार करणारे शेठ माणिकचंद हिराचंद यात्रेला गेले, त्यांनी ती अवस्था पाहिली. सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांना त्यांनी या कामात ओढले. नक्कल करून घ्यायला दोन-तीन दशके गेली. अखेर १९३९ मध्ये अमरावतीहून प्रा. हिरालाल जैन यांनी 'धवला'चा पहिला खंड छापून प्रसिद्ध केला. मठाने ग्रंथ जपला हे त्याचे उपकार थोर. पण नक्कल निघाली नसती तर तो आज आपल्या हाती नसता. एक सुरतकर आणि एक सोलापूरकर यांनी मिळून जे ताडपत्रांचे केले, ते फितींचे करायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

काम फार मोठे नाही. घरातल्या कॅसेट, आठ मिलिमीटरची रिळे, अल्बम या वर्षी बाहेर काढावेत आणि त्यांची संगणकावर नक्कल करून घ्यावी. नक्कल झाली म्हणून मूळ टाकू नये. दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, त्यांतली एक तापीच्या पुराची रेषा पोचणार नाही अशा मजल्यावर. प्रत्येक फितीबरोबर कागद हवा : कोण, कुठे, कोणत्या साली, चित्रण कोणाचे. रुग्णाच्या कागदावर तारीख नसेल तर त्या कागदाचा उपचाराला उपयोग नसतो, तसेच हे आहे. घरातली ज्येष्ठ माणसे आहेत तोवरच चेहऱ्यांना नावे मिळतील. मग जे खासगी आहे ते खासगीच ठेवावे. दृश्यातल्या माणसांची, विशेषतः बायकांची आणि मुलांची, संमती घेतल्याशिवाय काहीही बाहेर देऊ नये. पण गणपतीची मिरवणूक, नाटकाची तालीम, शाळेचे संमेलन, पूर ओसरल्यानंतरची गल्ली, हे सर्वांचे आहे. ते कर्त्याच्या नावासह, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याने, इंटरनेट अर्काइव्ह किंवा विकिमीडिया कॉमन्सवर सोडता येते. त्याला पैसे पडत नाहीत. आपल्या संस्थेने वर्षाला दहा कुटुंबांचे इतके काम हाती घेतले, तरी पाच वर्षांत सुरतेतल्या मराठी जीवनाचा पन्नास घरांचा साठा उभा राहील.

डिंडोलीच्या शाळेतल्या एखाद्या मुलाला उद्या आपल्या गावावर फीत करायची असेल आणि त्याने 'सुरत, मराठी' असे शोधले, तर त्याला काय मिळावे, हे ठरवणे आज आपल्या हाती आहे. कॅसेटच्या डब्याची चौकशी आज रात्री घरी गेल्यावर करा, एवढी विनंती करतो.